सातवीच्या वर्गाचं छत

सगीरानं वेळूच्या काठीनं खालून छताला ठोकलं. दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा ठोकलं, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. तिच्या ओढणीवर चुन्याची पूड पडली.

"बाई, तुम्ही दारातच थांबा."

चितेगावच्या या शाळेत मी मुख्याध्यापिका होते तेव्हा ही पोर सातवीत, याच वर्गात, दुसऱ्या रांगेत बसायची. फळा पुसायलाही घाबरायची. आता माझ्या खुर्चीवर ती आहे. पण अजून कायम झालेली नाही. उद्या शाळा उघडणार. त्याआधी इमारत सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर तिची सही हवी होती. म्हणून तिनं मला शहरातून बोलावून घेतलं होतं.

"मुख्याध्यापकांच्या शिबिरात कागद दिला, 'तुमची बलस्थानं लिहा' म्हणून. सगळ्यांनी भराभरा लिहिलं. माझा कोराच राहिला. मला नुसती भीती वाटते, बाई. लई भीती. तुम्ही कशी करायच्या सही?"

मला सगळं आठवतं. जूनमधली दुपार, कार्यालयातला कुरकुरणारा पंखा, संस्थेचे अध्यक्ष दत्तोपंत यांनी मागवलेला चहा. कप खाली ठेवायच्या आत सही. अशी अकरा वर्षं. एका रविवारी या छताचा ताटाएवढा पोपडा दुसऱ्या रांगेतल्या बाकावर पडला होता. शिपायानं येऊन सांगितलं. मी म्हटलं, झाडून घे. पाहायलाही आले नाही.

तेवढ्यात दत्तोपंतांचाच फोन आला. सगीरानं स्पीकर लावला.

"झाली का सही मॅडम, की मुहूर्त शोधताय?"

"सर, सातवीचं छत पोकळ वाजतंय."

"छत काय तबला आहे वाजवायला? बाईंनी अकरा वर्षं सही केली, त्या काय आंधळ्या होत्या? तुमचा कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे, एवढं ध्यानात ठेवा."

सगीराचे ओठ पांढरे पडले. आता करणार ही सही, मला वाटलं. मी केलीच असती.

"सर, तुम्ही इथं या. या बाकावर बसून चहा घ्या. कप संपला की करते सही."

मी दारातूनच फोनकडं वाकले.

"दत्तोपंत, मी आंधळीच होते," मी म्हणाले. "पोपडा पडला त्या वर्षीही सही केली मी."

फोन बंद झाला.

सगीरानं वर्गाला कुलूप घातलं. तीनदा किल्ली निसटली.

"काढून टाकतील का हो मला?"

"टाकतील कदाचित." तिला खोटं सांगवेना.

"सातवी उद्या लिंबाखाली बसवते," ती म्हणाली, आणि काठी घेऊन सहावीच्या वर्गाकडं निघाली. "तिथलंही बघायला पाहिजे."

मी तिच्यामागं निघाले. या वेळी दारात थांबले नाही.