सुशीलचा विचार

बुवा आख्यानाला हात घालण्याआधी डोळे मिटून क्षणभर थांबतात. मला कीर्तनातलं ते थांबणं फार प्रिय. पुढचं सगळं तिथंच ठरतं. त्या रविवारी प्रताप नगरच्या हॉलमध्ये सुशील थांबला, तेव्हा मला तेच आठवलं. या पोराला ब्रिज मीच शिकवला होता.

स्पर्धेचा शेवटून दुसरा डाव. दहा हात करायची आमची बोली. खेळणारा सुशील, मी डमी. म्हणजे माझे पत्ते टेबलावर उघडे आणि तोंड बंद. तीन हात गेले होते. आता चौकटची राणी इंदुताईंकडे आहे की त्यांची भिडू कामिनीकडे, एवढंच ओळखायचं होतं. चुकला तर बोली बुडाली.

सुशील विचार करत राहिला. मी मनात म्हटलं, शाबास, पत्ते मोजतो आहे.

मग त्याची नजर दिसली. ती पत्त्यांवर नव्हती, इंदुताईंच्या डाव्या हातावर होती. वर्षभरापासून तो हात थरथरतो. फार वेळ पत्ते धरले की पंजा हळूहळू बाहेर कलतो आणि पत्ते शेजारच्याला दिसतात. सुशील तो थकायची वाट पाहत होता.

पंजा कलला. सुशीलनं लगेच पत्ता टाकला आणि राणी इंदुताईंकडेच धरली. बोली पूर्ण. कामिनी म्हणाली, "काय डोकं लावलं गा!"

जेवताना घासात केस यावा तसं मला झालं. पण बोललो असतो, तर त्या हाताची गोष्ट हॉलभर झाली असती. इंदुताईंचा मुलगा आधीच म्हणत होता, आई, आता खेळ पुरे.

इंदुताईच म्हणाल्या, "सुशील, राणी माझ्याजवळ कशी धरली तू?"

"अंदाज, काकू."

"कशाचा? एक्का अन् दोन राजे मी आधीच दाखवले. वर राणी असती तर एवढ्या भारी पत्त्यांवर मी सुरुवातीले पास कायले म्हटलं असतं? मी मुद्दाम दाबली होती बोली. विचार करणारा माणूस राणी कामिनीजवळ धरते." त्या माझ्याकडे वळल्या. "रामाजी, हा माह्ये पत्ते पाहून राहिला होता का?"

"हो," मी म्हणालो.

सुशील हसला. "दिसलेला पत्ता वापरता येते काका, नियमात बसते."

"चुकून दिसला तर बसते. तू टपून बसला होता."

"आपण पयल्या नंबरवर हाओत. एकच डाव उरला आहे."

तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की मला त्याच्यासमोर बसवेना. मी उठलो आणि स्पर्धा घेणाऱ्या बाबारावांना सांगितलं, "आमची जोडी स्पर्धेतून काढा."

इंदुताईंनी हात टेबलाखाली नेला होता. आता तो वर घेतला, सगळ्यांसमोर ठेवला. थरथरत होता.

"तुम्ही कुठं चालले, रामाजी? मले काई खेळ सोडाचा नाही. बाबाराव, आमच्यासमोर दुसरी जोडी बसवा. अन् कामिनी, पत्ते उभे लावाले एखादी लाकडी पट्टी पाह्य वं."

मी थांबलो. खुर्ची ओढून दूर बसलो, त्यांचे पत्ते दिसणार नाहीत इतका दूर.