दोन मिनिटं चाळीस सेकंद

मिनिटसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत छत्तीस वर्षं त्यांनी वेळापत्रकं आखली, कुठली गाडी कुठल्या थांब्यावर कधी पोचेल आणि कधी सुटेल ते ठरवलं. त्यावरून ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी ठेवलेलं हे नाव. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि निवृत्तीच्या दिवशी केकवरसुद्धा तेच लिहून आणलं. त्यांना राग आला नाही. उलट बरंच वाटलं.

असा हा माणूस वयाच्या चौसष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेम खेळायला बसला. तोही जपानी, आणि तोही घड्याळ लावून. कुणीही म्हणेल, म्हातारचळ लागला. बायको आधी तेच म्हणाली. पण कारण कळल्यावर बाहेरच्या खोलीतला टीव्ही तिने त्यांच्या हवाली केला.

कारण म्हणजे त्यांची लेक. एकुलती एक, आणि गेली सहा वर्षं बापाशी चकार शब्द बोलत नव्हती. दुसऱ्या शहरात राहायची, रविवारी आईला फोन करायची, आणि मागे बाबांचा आवाज आला की म्हणायची, "आई, ठेवते."

भांडणाचं मूळ जुनं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिची प्रवेश परीक्षा होती. कामावर जाता जाता बाबा तिला गाडीने केंद्रावर सोडणार होते. सकाळी सात दहाला निघायचं ठरलेलं. भीतीने पोरगी न्हाणीघरातून बाहेर येईना. ती आली तेव्हा बाप निघून गेलेला. बसने धडपडत पोचली, तर फाटक बंद. वर्ष फुकट गेलं. "मी सात दहाला निघालो. वेळ कुणासाठी थांबत नाही," असं ते त्या संध्याकाळी म्हणाले, आणि पुढेही जिथे तिथे म्हणत राहिले. ते वर्षभर लेक खोलीत बसून एक जपानी खेळ खेळत होती. हे दारात उभे राहून म्हणायचे, "आयुष्याचं मातेरं चाललंय." पुढच्या वर्षी ती पास झाली आणि घराबाहेर पडली, ती पडलीच. बोलणं आधी कमी झालं, मग बंद.

आता झालं असं, की एका रविवारी बायको फोन ठेवून म्हणाली, "ती त्या खेळाची तपासनीस झालीय म्हणे."

खेळाला कसला तपासनीस? मिनिटसाहेबांनी कॉम्प्युटर उघडून शोधलं. जगभरातले लोक तो खेळ कमीत कमी वेळात पुरा करायची चढाओढ करतात. त्याला स्पीडरन म्हणतात. साध्या माणसाला ज्याला पन्नास तास लागतात, ते हे लोक पाच तासांत उरकतात, चित्रफीत पाठवतात, आणि ती मंजूर झाली की यादीत नाव लागतं. नियम बारा होते. साहेबांनी ते डेपोतल्या परिपत्रकासारखे पेन्सिलने खुणा करत वाचले. नववा नियम असा: प्रत्येक रन तपासनीस आवाजासकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघेल.

त्यांनी तो तीनदा वाचला. या खेळाची तपासनीस एकच. म्हणजे आपण रन पाठवला तर तिला तो बघावाच लागेल. नवख्या माणसाला सात तास लागतात. जी पोरगी सात सेकंद फोन धरत नाही, ती सात तास आपल्यासमोर बसेल. नियमच आहे, करते काय! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर फक्त कंट्रोलर धरायचा होता. तिचं खेळाचं जुनं यंत्र कपाटावर पडलेलंच होतं.

नवख्यांसाठी लेकीने एक लांबलचक टिपण लिहून ठेवलं होतं. साहेबांनी ते छापून आणून फायलीला लावलं. पहिलंच वाक्य होतं, 'जगातला सगळ्यात वेगवान रन आधी बघू नका, घाबरून पळून जाल.' यांनी अर्थातच आधी तोच बघितला. तोंडचं पाणी पळालं. मग निमूट दुसऱ्या वाक्यावर आले: 'आधी खेळ एकदा सावकाश खेळा. नाहीतर आपण काय गाळतोय तेच कळणार नाही.'

सावकाश खेळायला त्यांना अठ्ठावन्न तास लागले. गोष्ट एका तरुण मुलीची होती. तिच्या गावावर एक राक्षस काळोख पसरवतो, आणि ती तीन सोबत्यांना घेऊन त्याच्या मागावर निघते. पहिल्याच जंगलात साहेबांनी तिला चौदा वेळा मारलं. गावात गेले की भेटेल त्याच्याशी बोलत बसायचे. एक नावाडी होता, हरवलेल्या मुलाची रोज वाट बघणारा. त्याच्यापाशी तर ते कामाशिवाय जायचे. बंद दाराआड पोरगी वर्षभर काय बघत होती, ते बापाला अकरा वर्षांनी समजलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग खरी शिकवणी सुरू झाली. टिपणात लिहिलं होतं की रनसाठी खेळ जपानी भाषेतच घ्यायचा, कारण त्यात संवाद लवकर संपतात. साहेबांना जपानीचा गंध नाही. पण पडद्यावरच्या यादीत औषध वरून तिसरं आणि पळ काढणं खालून पहिलं, एवढं पाठ केलं की वाचायची गरज उरत नाही. चौकटीच्या वहीत त्यांनी चार रंगांत सगळं उतरवून काढलं. अवघड गेलं ते लढाईतून पळणं. दिसेल त्या राक्षसाशी भिडायचं नाही, कामापुरतं लढायचं, बाकी पळायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. "यात कसला पुरुषार्थ?" म्हणायचे. "पुरुषार्थ केला म्हणूनच इथे बसलात," बायको इस्त्री करता करता म्हणायची.

चार महिने गेले. अंगठे दुखले, बरे झाले, परत दुखले. शेवटी त्यांनी सगळ्या खेळाचे बावीस थांबे पाडले, प्रत्येकापुढे वेळ लिहिली, आणि एका मंगळवारी सकाळी नऊला रन सुरू केला. फोन पातेल्याला टेकवून टीव्हीकडे तोंड करून ठेवला होता. चित्रफीत त्यातच निघत होती, आवाजासकट.

सुरुवात झकास झाली. डोंगरावर राक्षस कमी भेटले, पळणंही जमलं, आणि सहावा थांबा, म्हणजे पुलाजवळचं गाव, दोन तास दोन मिनिटं वीस सेकंदांनीच आला. वहीत दोन तास पाच मिनिटं लिहिलं होतं. साहेबांनी गावाच्या वेशीवर त्या मुलीला उभं केलं, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले.

टायमर पळत होता. मुलगी जागच्या जागी श्वास घेत उभी होती.

"अहो, काय झालं? बिघडलं का?" बायकोने इस्त्री उभी करून विचारलं.

"काही नाही. वेळेआधी आलोय."

"मग बरंच की. जा पुढे."

"असं कसं जाईन? गाडीला उशीर झाला तर लोक शिव्या देतील, पण गाडी मिळेल. वेळेआधी सुटली तर जो वेळेवर आला तोच मागे राहतो. बिचाऱ्याची चूक काय? वेळेआधी गाडी काढली म्हणून मी दोन ड्रायव्हर घरी बसवले होते."

"अहो, पण इथे कोण बसणार आहे तुमच्या गाडीत?"

जित्याची खोड, दुसरं काय! बायको हसत होती. साहेब हसले नाहीत. ते टीव्हीकडेच बघत होते, आणि जे अकरा वर्षं ओठांवर आलं नव्हतं ते आलं.

"त्या दिवशी मी सात सहाला निघालो होतो."

"कुठल्या दिवशी?" असं बायकोने विचारलं नाही. तिचं हसू मावळलं.

"सात दहा झालेच नव्हते. ती आतून येईना म्हणून माझं डोकं फिरलं. म्हटलं, चांगली अद्दल घडू दे. चार मिनिटं आधी गाडी काढली मी. आणि जन्मभर सांगत फिरलो की तिला उशीर झाला. तिला उशीर झालाच नव्हता. चूक माझी होती."

टायमरवर दोन तास पाच मिनिटं झाली तरी साहेब हलले नाहीत, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "वेळ झाली. जा आता." आणि ते निघाले.

दुपारी सव्वाचारला, सात तास तेरा मिनिटांनी शेवटचा राक्षस पडला. नेमकी तेव्हाच बायको पाण्याचा पेला घेऊन टीव्हीसमोरून गेली.

संध्याकाळी ते फोन हातात घेऊन बसून राहिले. वेशीवरचं बोलणं त्यात स्पष्ट होतं. हा रन पुसून उद्या दुसरा करता आला असता, तोंड मिटून. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? त्यांनी नावाच्या जागी मिनिटसाहेब लिहिलं आणि पाठवून दिलं.

दिवसामागून दिवस गेले. रविवारचा फोन आला नाही. बायकोचा जीव टांगणीला लागला. "आता माझ्याशी पण बोलायची बंद होणार ती," असंही एकदा म्हणून झालं. साहेब वही उघडायचे आणि मिटायचे. अकराव्या दिवशी उत्तर आलं. लेकीने प्रत्येक जागेची वेळ घालून शेरे लिहिले होते.

शून्य तास चौदा मिनिटं: मेनू दोनदा उघडलात, एकदा पुरे. एक तास सदतीस: हे पळणं चांगलं जमलंय. मग थेट दोन तास पाच.

साहेबांचा चष्मा धुरकटला. पुढचं बायकोने वाचून दाखवलं.

"इथे मी बंद केलं. तीन दिवस पुढे बघितलं नाही. बाबा, मी बाहेर आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात आठ झाले होते. तुम्ही आधी निघालात हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही इतकं छातीठोक सांगायचात की मला वाटायचं, तुम्हाला खरंच तसं वाटतं. तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. मला खूप राग आलाय. अजून आहे. तो जाईल का, सांगता येत नाही."

पुढे आणखी सोळा शेरे होते. कुठे औषध जास्त घेतलं, कुठली वाट जवळची होती, सगळं. म्हणजे राग घेऊन ती उरलेले पाच तास बसली होती, शेवटपर्यंत. सगळ्यांत खाली लिहिलं होतं: "निकाल: नामंजूर. शेवटचा घाव आईच्या पाठीआड गेला, दिसला नाही. परत पाठवा. मीच बघेन."

"घ्या! चार महिन्यांवर माझ्यामुळे पाणी," बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि हिला तरी चार सेकंद चालवून घेता आले नाहीत का?"

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला. "अगं, याच यादीत सव्विसाव्या नंबरच्या रनला शेवटच्या घावाला पडद्यासमोर मांजर बसलंय. आख्खं मांजर. हिनेच मंजूर केलाय तो."

बायकोला समजायला जरा वेळ लागला. मग ती हळूच खुर्चीवर टेकली.

"म्हणजे ती परत सात तास बघणार?"

"सात तेरा," साहेब वही ओढून घेत म्हणाले. "या खेपेला थोडे कमी होतील. तिने वाट दाखवलीय जवळची."

"कमी कशाला करताय?" बायको म्हणाली.