अजून थोडं मागे

माझ्या भावोजींना निसर्गाचं भारी वेड. दऱ्या, धबधबे, डोंगरातली तळी असल्या ठिकाणी ते हौशी लोकांच्या सहली न्यायचे आणि त्यांना फोटो काढायला शिकवायचे. लोक त्यांना ‘सर’ म्हणायचे. सरांचा आवाज मऊ, दाढी नीट कातरलेली, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. ताई म्हणायची, “एवढ्या खिशांत एखादा माझ्यासाठी ठेवला असता तर काय बिघडलं असतं?”

ताई प्रत्येक सहलीला असायची. कुणाला कुठली खोली, कुणाचा चहा बिनसाखरेचा, कुणाचं पोट बिघडलंय, सगळं तिच्याकडे. शिवाय ती फोटोतही असायची. भावोजींच्या फोटोंची तीच तर खासियत होती: अफाट दरी आणि तिच्या काठावर लाल शालीतलं एक इवलंसं माणूस. माणूस असलं की दरी मोठी दिसते म्हणे.

थंडीच्या सुरुवातीच्या एका सहलीत, बाकीची मंडळी अजून मुक्कामावर झोपेत असताना, ताई कड्यावरून पडली. खाली एका झाडात अडकली म्हणून वाचली, पण पाठीचा कणा गेला. त्यानंतर ती उभी राहिली नाही.

भावोजींनी सगळ्यांना सांगितलं, “मी ट्रायपॉड आवरत होतो. माझी पाठ होती. वळून बघतो तर ही नाही. कडेला कशाला गेली कोण जाणे.” सांगताना ते जाकिटाच्या खिशातून रुमाल काढायचे, मग ऐकणाराही काढायचा.

ताई शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, “तो फोटो काढत होता. म्हणत होता, अजून थोडं मागे. मी हात वर करून विचारलं, पुरे का? तर म्हणाला, अजून थोडं.”

पडण्याआधी ती नवऱ्याला ‘हे’ म्हणायची. आता ‘तो’ म्हणायला लागली. आईला बाकी सगळ्यापेक्षा तेच जास्त खटकलं. “डोक्याला मार बसलाय गं तुझ्या,” ती म्हणाली. “जावईबापूंवर असला आळ घेऊ नये.” डॉक्टरही म्हणाले की अशा धक्क्यानंतर आठवणींची सरमिसळ होते. मी ताईचा चेहरा पाहत होते. सरमिसळ झालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. माझा तिच्यावर पहिल्यापासून विश्वास होता, पण नुसत्या विश्वासाचं करायचं काय?

भावोजी हॉस्पिटलात आधी रोज आले, मग अधूनमधून, मग फोनवर. ताई आमच्याकडे राहायला आली. आणि त्याच वर्षी त्यांच्या एका फोटोला मोठं बक्षीस मिळालं. फोटोचं नाव ‘एकटी’. धुक्यानं भरलेली दरी, काठावर लाल शाल. बक्षीस घेताना ते म्हणाले, “हा फोटो अपघाताच्या तासभर आधीचा. सुरक्षित जागी, सपाट खडकाजवळ काढलेला. नंतर पलीकडच्या बाजूला जे घडलं ते माझं दुर्दैव. हे बक्षीस माझ्या पत्नीला अर्पण.” टाळ्या थांबता थांबेनात. ताईनं ते मोबाइलवर पाहिलं आणि मोबाइल उशीखाली उलटा ठेवला. मला म्हणाली, “मला अर्पण! पाय नाही देता आले, तर बक्षीस देतोय.”

मी मोठ्या आकाराचे फोटो छापणाऱ्या एका दुकानात काम करते. मागच्या खोलीत एक लांबलचक प्रिंटर, कागदाची भेंडोळी, हातात पांढरे मोजे, आणि रंग पारखायला एक दिवा. भावोजींना आता प्रदर्शन भरवायचं होतं. ते आपली हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडेच आले.

“बाहेरचे लोक धुक्याचा पार चुना करतात,” ते म्हणाले. “तू घरची आहेस. आतले आणखीही काही चांगले वाटले तर निवड.”

माणूस इतका निर्धास्त कसा असू शकतो, याचं मला नवल वाटलं. त्यांच्या मनात ती गोष्ट खरंच त्यांनी सांगितली तशीच घडली असावी. स्वतःच्या खोट्यावर त्यांचा आमच्यापेक्षाही जास्त विश्वास बसला होता.

मी त्या दिवसाचे फोटो उघडले. सपाट खडकापाशी ताई उभी. पुढच्या फोटोत खडक तिच्या पुढे, ती मागे. मग आणखी मागे. एका फोटोत ती मान वळवून मागे बघतेय. त्यानंतर ‘एकटी’, बक्षिसाचा. त्यानंतरच्या फोटोत तिनं हात वर केलाय, तळवा समोर. मग ती आणखी मागे. मग नुसता लाल फराटा. मग काही नाही, काठ आणि धुकं.

मला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. त्यानंतरही फोटो होते. कॅमेरा आडवा होता तो उभा केलेला. प्रकाश जरा कमी केलेला. त्याच काठाचे, त्याच धुक्याचे. धुकं पातळ होऊन त्यातून ऊन उतरत होतं आणि ते खरोखर सुंदर होतं. माझी बहीण खाली झाडात लटकत होती आणि हा माणूस उन्हाची वाट बघत होता.

खुर्चीत बसून मी ते सगळे फोटो लहान आकारात छापले, ओळीनं लावले आणि घरी नेले.

ताईनं एकेक फोटो मांडीवर ठेवून पाहिला. शेवटच्या दोन-तीन फोटोंपाशी बराच वेळ थांबली. ती रडेल असं मला वाटलं होतं.

“पोलिसांकडे जाऊ या,” मी म्हणाले.

“जाऊ. पण आधी नाही. तिकडे तो वकील लावेल आणि पुन्हा त्या मऊ आवाजात बोलेल.” तिनं फोटोंची चळत नीट केली. “त्याची ती सर-सर करणारी माणसं आहेत ना, त्यांच्यासमोर. त्याच जागी. मला तो आवाज बंद पडलेला हवाय.”

संधी भावोजींनीच दिली. बक्षिसानंतर त्यांच्या सहलींना लोकांची झुंबड उडाली होती आणि सगळ्यांना ‘एकटी’ची जागा पाहायची होती. मुक्कामात फोटो छापून दाखवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. “तू ये,” ते मला म्हणाले. “घरचं माणूस सोबत दिसलं की लोकांनाही बरं वाटतं.” म्हणजे मी त्यांच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र. मी लगेच हो म्हटलं. आई खूश झाली, ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

सहलीत एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक दातांचे डॉक्टर होते, एक नवं जोडपं होतं, आणखी काही मंडळी होती. चांगली माणसं. पहिल्याच संध्याकाळी भावोजींनी ‘एकटी’ची कथा सांगितली. सपाट खडक, सुरक्षित जागा, आणि पलीकडच्या बाजूचं दुर्दैव. शिक्षिकाबाईंनी डोळे पुसले. मी सगळ्यांना चहा दिला.

सकाळी आम्ही कड्यावर पोचलो. धुकं होतं. मंडळी सपाट खडकापाशी ट्रायपॉड लावायला लागली. मी कॅमेरा गळ्यात घालून म्हणाले, “भावोजी, आज तुम्ही फोटोत या ना. हुबेहूब ‘एकटी’. सगळ्यांना शिकायला मिळेल.”

“वा, वा!” सगळे म्हणाले. डॉक्टरांनी तर टाळ्याच वाजवल्या. भावोजी हसत खडकापाशी जाऊन उभे राहिले.

मी बक्षिसाच्या फोटोचा प्रिंट पिशवीतून काढून समोर धरला. “नाही जुळत. फोटोत खडक पुढे आहे आणि माणूस मागे. मागे सरा, भावोजी.”

ते एक पाऊल मागे सरले.

“अजून थोडं मागे.”

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला होता, त्यामुळे त्यांना माझा डोळा दिसत नव्हता, मला मात्र त्यांचा चेहरा अगदी जवळ दिसत होता. ताईला त्यांनी असंच पाहिलं असणार. माझं बोट बटणावर होतं आणि खरं सांगते, मला मजा येत होती.

“सर, त्या झुडपापर्यंत जायला हवं,” नव्या जोडप्यातला नवरा प्रिंट बघत म्हणाला. बिचारा मदत करत होता.

“अजून थोडं,” मी म्हणाले.

“वेडी आहेस का?” ते एकदम ओरडले. आवाज चिरका निघाला. “तिथली माती पोकळ आहे! तिथूनच तर ती...”

ते थांबले.

शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या, “पण सर, काल तुम्ही म्हणालात, त्या पलीकडच्या बाजूला पडल्या.”

मी पाकिटातले प्रिंट काढले आणि बाईंच्या हातात दिले. त्यांनी एकेक पाहून डॉक्टरांकडे दिला, डॉक्टरांनी पुढे. भावोजी म्हणत होते, “तिला दुःखानं भ्रम झालाय, बहिणीवर फार जीव आहे तिचा.” पण ऐकायला कुणी नव्हतं. वर केलेला हात सगळ्यांनी पाहिला. लाल फराटा पाहिला. मग डॉक्टरांच्या हातात शेवटचे फोटो आले. ते गोंधळले.

“यात ताई कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“खाली,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी तो फोटो पुन्हा पाहिला, मग भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

माती ढासळून तो पडला असता तर, असं पुढे मला एकानं विचारलं. मला तो पडायला नकोच होता. पडला असता तर सुटला असता.

सहल तिथेच मोडली. परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. शिक्षिकाबाईंनी बक्षीसवाल्यांना आपणहून सगळं कळवलं आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. प्रदर्शनाचा हॉल रद्द झाला. पोलिसांत आम्ही गेलो, तेव्हा डॉक्टर आणि ते जोडपं साक्ष द्यायला आमच्या सोबत होतं. खटला अजून चालू आहे. सहली बंद पडल्या. हल्ली तो विकायला काढलेल्या घरांचे फोटो काढतो म्हणे. रिकाम्या खोल्या, पुसलेल्या फरशा.

एकदा तो दुकानात आला होता. दाढी वाढलेली. “माझ्या आयुष्याची राखरांगोळी केलीस तू,” म्हणाला.

“मी नुसते छापले, भावोजी,” मी म्हणाले. “काढले तुम्हीच.”

ताई अजूनही मला त्या सकाळची गोष्ट सांगायला लावते. चाकांची खुर्ची माझ्या जवळ आणते, मांडीवर हात ठेवून बसते. “ओरडला तेव्हा आवाज कसा होता? परत काढून दाखव.” मी काढून दाखवते. ती पोट धरून हसते. दर वेळी मी थोडं वाढवून सांगते. परवा त्याचे गुडघे लटपटायला लागले. तिला कळतं, पण ती हरकत घेत नाही. उलट विचारते, “दोन्ही?”

आई “काय गं हे सारखं तेच तेच” म्हणत स्वयंपाकघरात निघून जाते. पण तिथे गेल्यावर नळ सोडत नाही, भांडं वाजवत नाही. आमचं बोलणं संपेपर्यंत आत अगदी शांत असतं.