अंड्याची टरफलं

बंबावर नळीचं तोंड धरणारा तो माणूस बावीस वर्षांत आगीला कधी भ्याला नाही, पण चोवीसशे मीटरला मात्र त्याची पाचावर धारण बसायची. वार्षिक चाचणीत तेरा मिनिटांत एवढं धावायचं. नाही जमलं तर बंबावरून खाली उतरून नियंत्रण कक्षात फोन उचलत बसायचं. गेल्या वर्षी चार सेकंदांनी वाचला होता. यंदा सराव साडेतेरा मिनिटांवर अडला होता आणि छातीतली धडधड बूट घालतानाच सुरू व्हायची.

सासूबाई गुडघ्यांसाठी म्हणून ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकल्या, त्याला नऊ वर्षं झाली होती. जावयाला धावताना त्यांनी एकदाच पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“जावईबापू, नळी कुठंय?”

“कुठली नळी?”

“मग मुठी कशाला आवळल्यात?”

खरंच होतं. पाण्याचा दाब पेलायची सवय हाडीमाशी खिळलेली. मुठी घट्ट, खांदे कानाला, प्रत्येक पावलाला टाच रोवलेली. असा माणूस धावणार कसला? तो मैदानभर ठाण मांडत हिंडत होता.

“ताकद लावू नका. बेंबीखाली पोट गोळा करा, बाकी सगळं सैल सोडा. घोट्यातून थोडं पुढं झुका, अंगच तुम्हाला नेईल,” सासूबाई म्हणाल्या. आणि त्याच्या दोन्ही हातांत अंड्याची अर्धी अर्धी टरफलं ठेवली. फुटली की पुन्हा पहिल्यापासून.

महिनाभर घरात रोज ऑम्लेट. बायको टरफलं धुऊन, पुसून खिडकीत ठेवायची, एक शब्द न बोलता. तिचीही साथ आहे, असं तो धरून चालला होता.

चाचणीच्या सकाळी खिडकी रिकामी होती. बायको टरफलं हातात घेऊन दाराशी उभी.

“आज नापास व्हा ना,” ती म्हणाली. “तुमचा बंब निघाला की मी घड्याळाकडे बघत बसते. बावीस वर्षं झाली. आता नाही सोसवत हो.”

“उशीर होतोय,” एवढंच पुटपुटत त्यानं टरफलं घेतली. स्वतःची भयंकर लाज वाटली.

मैदानाला सहा फेऱ्या. तिसरीत तरणी पोरं पुढं गेली. चौथीत तिचा चेहरा आठवला, मूठ आवळली गेली. डाव्या हातात कर्रकन आवाज झाला. नापास होणं किती सोपं होतं! नुसत्या टाचा रोवत राहायचं. पण त्याला बंब हवा होता, तिचं सगळं ऐकूनही हवा होता. त्यानं डाव्या हातातला चुरा टाकला, खांदे सोडले, घोट्यातून झुकला. टाचा रुतायच्या थांबल्या.

बारा मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद.

घरी आल्यावर त्यानं उजवा हात उघडला. टरफल शाबूत होतं. सासूबाई हसल्या, मग लेकीकडे बघून त्यांनी हसू आवरलं. बायकोनं ते टरफल उचललं, मुठीत घेतलं आणि सावकाश चुरून टाकलं.

“बंबावरची पाळी कधीची?” तिनं विचारलं.

“उद्या आठची.”

तळव्याला चिकटलेले तुकडे झटकत तिनं घड्याळाकडे पाहिलं.