मार्टाचा वाटा

मार्टा आली त्या दिवशीच मी माझ्या बांगड्या तांदळाच्या डब्यात खुपसल्या. एकटी बाई, पोलंडची, पाठीवर स्वतःएवढं ओझं, आणि कुणकेश्वरला काय बघायला आली तर म्हणे समुद्र. समुद्र काय तिच्याकडे नाही?

तीही काही कमी नव्हती. पासपोर्टची पिशवी पोटाला बांधूनच न्हायला जायची. झोपताना दाराला आतून खुर्ची लावायची. ती ओढल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. दोघी पन्नाशीच्या, दोघींचं एकमेकींवर लक्ष, आणि सकाळी मात्र हसून गुड मॉर्निंग.

एके दिवशी तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारचं तळं. तिथं जायचंय, एकटीच, एसटीनं. शेजारच्या देवेशची रिक्षा सांगू का विचारलं, तर "नो रिक्षा." माझं इंग्रजी टीव्हीवरचं, तिचं कुठलं देव जाणे, पण एवढं कळलं.

पाहुण्यांना भाड्यानं देते त्या माझ्या दोन खोल्यांत राहिलेली ही पहिलीच परदेशी बाई. तिचं काही बरंवाईट झालं, किंवा आपल्या दारातून ती मन खट्टू करून गेली, तर मला घास गोड लागला नसता. म्हणून ती बस धरायला निघाली तसा मी फोन घेतला आणि इथल्या कुणीही केलं असतं तेच केलं. वाटेतल्या सगळ्या आपल्या माणसांना सांगून ठेवलं.

पहिला फोन आला किशोरीचा. ही माझी भाची, बांद्याच्या गाडीवर कंडक्टर.

"मावशे, तुझी पावणी उतराक तयार नाय. मी म्हटलंय, मार्टा मॅडम, कुडाळ इला, वालावलाक हंयसर उतरा. तर माका म्हणता, तुला कसं माहीत? पिशवी छातीक धरून बसली ती बसलीच. आता बांद्याक जातली."

"मग सांगायचं ना, शर्मिलानं सांगितलं म्हणून."

"सांगलंय. तर खिडकीकडे सरकली."

बांद्यात माझी नणंद मथुरा आहे, बाजारात तिचं दुकान. तिला कळवलं. तासाभरानं तिचा फोन.

"मी हाक मारलंय, मार्टा गो, ये, बस. सोलकढी दिलंय. तिना वास घेतल्यान आणि तशीच ठेवल्यान. मगे फोटो काढल्यान."

"सोलकढीचा?"

"माझो. पोलिसांक दाखवूक काय गो?"

तिथंच बाजारात मार्टाच्या चपलेचा अंगठा तुटला. मथुरानं पायातली स्वतःची चप्पल काढून पुढे केली. मार्टा दोन पावलं मागे सरली आणि एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, अशी उन्हातून स्टँडकडे गेली. देऊळ राहिलंच.

मी देवेशला म्हटलं, आता तरी रिक्षा घेऊन आपल्या कुणकेश्वरच्या स्टॉपवर थांब, बिचारीचा पाय भाजला असेल. तो थांबला, आणि थोड्या वेळानं त्याचाही फोन.

"वैनी, मी हात केलंय, म्हटलंय मार्टा मॅडम, बसा. तर ती माका बघून आडवाटेन खाली दर्यार धावत गेली. माझ्यासारख्या मानसाक बघून कोण धावता?"

"आरशात मिशी बघ तुझी."

खाली किनाऱ्यावर गणपतभावजींची रापण ओढणं चाललं होतं. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीनं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं. पुढचं मला मार्टानं नंतर सांगितलं. तिथं तिला कुणी हाक मारली नाही. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. दिवसभरात पहिल्यांदा तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. तिला इतकं हायसं वाटलं, की दोर ओढणाऱ्या काशीबाईनं बाजूला सरून जागा केली तशी तिनंही दोराला हात घातला. जाळं वर येईपर्यंत ओढलं आणि घराकडे निघाली.

तर मागून ओरडा. वळून बघते तो गणपतभावजी लंगोटीवर धावत येतायत आणि काहीतरी मागतायत.

ती अंगणातून माझ्यासमोरून वाऱ्यासारखी आत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज. पाठोपाठ गणपतभावजी, धापा टाकत.

"वैनी, तिका सांग, तिचो वाटो थंय रेतयेर आसा."

"आणून द्यायचा ना मग."

"असो कसो? दोराक हात लावल्यान तेना थंय उभ्या रवान वाटो उचलूक होयो. तिचो तसोच पडलो तर फाल्यां मी जाळां खंयच्या तोंडान टाकू?"

ते बरोबरच होतं. दोराला हात लावणारा आपला असो, वाटसरू असो, त्याचा वाटा निघतोच, तो त्यानंच तिथं उचलायचा, आणि तो तसाच पडला तर पुढची रापण रिकामी येते असं सगळे मानतात. पण हे दाराआडच्या बाईला सांगायचं कसं? मोबाईलमध्ये बोलले, मोबाईल तिच्या भाषेत बोलला.

आतून प्रश्न आला, "त्यांना किती पैसे हवेत?"

"एकही नको. ते मासे देतायत."

"का?"

आता 'का' ला काय सांगू? मी ओट्यावर बसले आणि मोबाईल दारापाशी धरला. म्हटलं, बसमधली पोरगी माझी भाची. सोलकढीवाली नणंद. रिक्षावाला शेजारी, मिशी तेवढी भयानक आहे. सगळ्यांना मीच सांगितलं होतं. माशांचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ते तू ओढलेस, ते तुझेच.

मग खुर्ची सरकली.

किनाऱ्यावर वाटे उचलून झाले होते. ओल्या रेतीवर एकच ढीग उरलेला, बांगडे आणि तारली, आणि काशीबाई काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. तिचा स्वतःचा वाटा टोपलीत शेजारीच. मार्टानं आधी आपल्या ढिगाकडे बघितलं, मग वाकून काशीबाईच्या टोपलीत डोकावली. संशय काही लगेच जात नाही. दोन्ही सारखेच होते. मग तिनं आपल्यातला मोठा बांगडा उचलून टोपलीत टाकला.

काशीबाईनं तो काढून परत ढिगावर आपटला. "तुझो तो तुझो गो. माका माझो आसा. कावळे राखून हात दुखले माझे, उचल आता."

याचं भाषांतर मोबाईलला जमलं नाही, पण मार्टा खाली बसली आणि गळ्यातल्या ओढणीत मासे भरू लागली. गणपतभावजींनी समुद्राकडे बघून हात जोडले नि ते घरी गेले.

संध्याकाळी बांगडे तळताना ती माझ्याशेजारी उभी होती. मी तांदूळ काढायला डबा उघडला, तशा बांगड्या वर आल्या. तिनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पोटाशी बांधलेल्या पिशवीवर हात थोपटत एवढी हसली की मला गॅस बारीक करावा लागला.

जेवताना म्हणाली, "उद्या परत वालावल. एकटी. प्लीज, कुणाला सांगू नका."

मी मान डोलावली. ती हात धुवायला गेली तसा किशोरीला फोन लावला.

"उद्या येतेय. तू तिला ओळखायचं नाही हां. नाव तर घ्यायचंच नाही."

"आणि परत बांद्याक गेली तर?"

"कुडाळ आलं की नुसतं जोरात ओरड. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं."