त्या शुक्रवारी मूरलँडवर

क्लिफर्ड हॅलमला शेजाऱ्यांची नावं आठवायची नाहीत, पण एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली कुठल्या चॅनलवर कोण हवामान सांगायचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. या वेडापुढं ऑड्रीनं कधीच हात टेकले होते. नवरा दारूला शिवत नाही, घोड्यांच्या नादी लागत नाही, टीव्हीचे कार्यक्रम छापणाऱ्या साप्ताहिकाचे जुने अंक गोळा करतो. करू दे बापडा.

आणि ब्रॅकनथॉर्पच्या माणसाला हे वेड लागावं यात नवल ते काय? गाव टेकडीच्या अंगावर वसलेलं. त्या काळात इंग्लंडात भागाभागाचं चॅनल वेगळं. अलीकडच्या उताराला ट्रेंट व्हॅली हे चॅनल दिसायचं, टेकडीपलीकडे स्टेनबी गावात मूरलँड. मधल्या गल्लीत तर शेजारशेजारच्या धुराड्यांवरचे अँटेना भांडलेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून उभे असायचे. ट्रेंट व्हॅलीची निवेदिका मोत्यांची माळ घालून शुभरात्री म्हणायची, आणि झोपायच्या आधी टीव्हीची पिन काढून ठेवा हं, असं बजावायची. मूरलँडचा निवेदक प्रवचन दिल्यासारखा बोलायचा. त्यांच्या बातम्यांत मेंढ्या जास्त, माणसं कमी. जाहिरातीसुद्धा निराळ्या, इकडे गालिचेवाला ओरडायचा, तिकडे खतवाला. शाळेत पोरं यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायची. आता सगळ्या देशाला एकच तोंड दिसतं आणि एकच छापील हसू. मजा गेली, असं क्लिफर्ड उठता बसता म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, ऑड्रीलाही ते पटायचं. तिलाही ती मोतीवाली बाई आठवायची.

फक्त त्या आठवणीच्या मागोमाग कीथ यायचा. कीथ तिचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्याच नोव्हेंबरात, एका शुक्रवारी रात्री, टेकडीच्या रस्त्यानं तो चालत घरी येत होता. एका गाडीनं त्याला उडवलं आणि ती गाडी तशीच निघून गेली. कुणी लगेच फोन केला असता तर पोरगा हाती लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. गाडीवाला सापडला नाही. आईनं अंथरूण धरलं ते धरलंच, आणि जाताना ऑड्रीचा हात घट्ट पकडून म्हणाली, तो कोण होता ते शोधल्याशिवाय मरू नकोस. एकेचाळीस वर्षं ऑड्री बाजारात, चर्चमध्ये, बसच्या रांगेत पुरुषांच्या तोंडांकडे बघत आली. हा असेल? का हा असेल? बघता बघता ती तोंडं म्हातारी झाली.

क्लिफर्डच्या सत्तराव्या वाढदिवसाला, रविवारी दुपारी, पिकर्सगिल आला. हा जुन्या चॅनलवेड्यांच्या मंडळाचा चिटणीस, मूळचा स्टेनबीचा. माणूस भला, पण बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचाच. क्लिफर्ड नेमका दूध आणायला खाली दुकानात गेला होता. ऑड्रीनं पिकर्सगिलला खुर्ची दिली, पोर्क पायचे काप पुढे केले. त्यानं पिशवीतून एक मोठं पाकीट काढलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

क्लिफर्डला चकित करायचं आहे, असं त्यानं सांगितलं. मूरलँडच्या आवृत्तीचे सगळे अंक क्लिफर्डकडे आहेत, हा एक सोडून. कितीदा म्हटलं माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जा, तर दर वेळी नको म्हणतो. भिडस्त हो तुमचा नवरा, पिकर्सगिल म्हणाला, आणि त्यानं अंक टेबलावर ठेवला.

अकरा ते सतरा नोव्हेंबर, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. ऑड्रीनं तारीख वाचली. सतरा तारीख म्हणजे कीथ गेला तो शुक्रवार. ते पान तिला स्वतःला बघवेना, म्हणून चष्मा सापडत नाही असं सांगून तिनं त्याला शुक्रवारचं पान वाचायला सांगितलं. चष्मा तिच्या नाकावरच होता, पण पिकर्सगिलला वाचायला सांगितल्यावर तो दुसरं काही बघतो थोडाच!

"साडेदहाला मेंढपाळी कुत्र्यांची स्पर्धा, शेवटची फेरी," तो चवीनं वाचू लागला. "मग डार्ट्स. मग शुभरात्री. अहो, ही स्पर्धा मी बघितलीय. आमच्या काकाची कुत्री तिसरी आली होती."

"आणि तो भुताचा पिक्चर? मेणबत्ती घेतलेल्या बाईचा?"

"तो तुमच्या ट्रेंट व्हॅलीवर. मूरलँडनं भुतंखेतं कधी दाखवलीच नाहीत, मिसेस हॅलम. त्यांचा मुख्य माणूस चॅपलला जाणारा, कडक धर्माचा. स्टेनबीत तो पिक्चर आजतागायत कुणी बघितलेला नाही."

ऑड्रीला तो पिक्चर विसरणं शक्य नव्हतं. त्या रात्री ती तोच बघत होती. बाई मेणबत्ती घेऊन जिना चढते, माळ्याच्या दाराच्या मुठीला हात घालते, आणि नेमकी त्याच क्षणी ऑड्रीच्या स्वतःच्या दारावर थाप पडली. बाहेर हवालदार उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिफर्ड धावत आला. तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलं होतं. दुःखात माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. तिनं कीथबद्दल चकार शब्द काढला नाही, पिक्चरच सांगत सुटली. जिना, मेणबत्ती, मूठ, थाप. दहा वेळा सांगितलं असेल. क्लिफर्ड तिचा हात धरून ऐकत राहिला.

मग पोलिसांनी टेकडीवरून गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. क्लिफर्ड गॅरेजात मेकॅनिक, त्याची स्वतःची व्हॅन, त्यालाही विचारलं. त्यानं सांगितलं, मी स्टेनबीला आईकडे होतो, भुताचा पिक्चर बघत होतो. आणि गोष्टही सांगितली. हवालदार रॅग हसून म्हणाला, आमच्या हिनंही तोच बघितला, रात्रभर दिवा मालवू दिला नाही. झालं! वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. रॅग खालच्या खोऱ्यातला. आपल्या घरी जे दिसतं तेच उभ्या इंग्लंडला दिसतं, असं तेव्हा ज्याला त्याला वाटायचं. टेकडी ओलांडली की शुक्रवार बदलतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. क्लिफर्डच्या ध्यानात आलं असेल, पण बोलून झाल्यावर.

आणि ऑड्री? तिनं तर स्टेनबीला दर रविवारी सासूच्या घरी बसून तो प्रवचनवाला निवेदक ऐकला होता. तिला सगळं ठाऊक होतं. ते तिनं कधी जोडून बघितलं नव्हतं, एवढंच.

क्लिफर्ड दूध घेऊन आला. टेबलावरचा अंक बघून तो दारातच थांबला. पिकर्सगिलनं टाळ्या वाजवल्या. क्लिफर्डनं आभार मानले, कोट काढला, दूध फ्रीजमध्ये ठेवलं, सगळं अगदी सावकाश. चहा झाला. केक कापला, पण खाल्ला एकट्या पिकर्सगिलनं. अर्ध्या तासानं त्यालाही काहीतरी बिनसल्याचं जाणवलं असावं. बसची वेळ झाली म्हणून तो उठला.

दार लागलं. क्लिफर्डनं अंक उचलून उलटा ठेवला.

"क्लिफ," ऑड्री म्हणाली, "त्या पिक्चरचा शेवट काय होता रे?"

"कुठल्या पिक्चरचा?"

"मेणबत्तीवाल्या बाईचा. दार उघडल्यावर आत काय असतं?"

तो काहीही सांगू शकला असता. भूत, प्रेत, रिकामी खोली. तिला तरी कुठं माहीत होतं? त्या रात्रीनंतर तिनं तो पिक्चर पुन्हा लावला नव्हता. पण जुन्या टीव्हीचा एक कार्यक्रम न सोडणाऱ्या या माणसानं एकेचाळीस वर्षांत हा एकच कधी बघितला नव्हता. तो खुर्चीत टेकला आणि आपल्या हातांकडे बघत बसला.

"तू सांगितलास तेवढाच मला माहीत आहे," तो म्हणाला.

ऑड्रीला आधी राग आलाच नाही. आधी आली ती स्वतःच्या जिभेची किळस. तिच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट त्यानं पोलिसापुढं ओकली होती. ती जिथं थांबली, तिथं तोही थांबला होता.

"मी उतरलो होतो, ऑड्री. तो हलत होता. वाटलं, मागून कुणीतरी येईलच." त्यानं अंक टेबलाच्या कडेशी सरळ लावला. "रात्रीत फुटलेला दिवा बदलला गाडीचा. आईला म्हटलं, मी इथंच होतो असं सांग."

मग मात्र राग आला, पायापासून डोक्यापर्यंत. एकेचाळीस वर्षं या माणसाचे मोजे धुतले. कीथच्या थडग्यावर हा दर नोव्हेंबरात फुलं घेऊन यायचा, आणि आपण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचो! तिनं फोनकडे हात नेला. क्लिफर्डनं तिच्या आधी फोनवर पंजा ठेवला. जोर केला नाही, नुसता ठेवला. तिनं खुंटीवरचा कोट घेतला.

"कुठं निघालीस?"

"खाली. पोलिसांकडे."

त्यानं मान हलवली, जणू भाजी आणायला जाते म्हणाली होती. मग खिडकीबाहेर बघितलं.

"भुरभुरतंय बाहेर. एवढ्या उतारावर चालत कशाला जातेस?" तो म्हणाला. आवाज रोजच्यासारखाच मायेचा. "थांब, मी गाडीनं सोडतो."

ती थांबली नाही. रस्त्याला फुटपाथ नव्हता. दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी जागा. रविवारची दुपार, चिटपाखरू नाही. पहिल्या वळणाशी पोहोचते तोच मागे गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला, आणि मग इंजिनाचा. ऑड्रीनं मागे बघितलं नाही. भिंतीला खांदा घासत ती भरभर चालू लागली. कीथसुद्धा असाच अगदी कडेनं चालत होता, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं.