शिंप्याने शिवलेली खोळ

मित्रांनो, रक्ततपासणीच्या या खोलीत कपाटावर राखाडी खोळ पांघरून बसलेले जड यंत्र म्हणजे मी. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायच्या, तांबड्या पेशी तळाशी बसवायच्या आणि वरचा पिवळसर द्रव मोकळा करायचा, एवढेच माझे काम. पण ते मी एकवीस वर्षे केले.

मला पहिल्यांदा सुरू केले ते इथल्या तपासनीस बाईंनी. नळी ठेवली की समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी त्या न विसरता ठेवत. नाहीतर मी थरथरत टेबलावर सरकू लागे. "याला एकट्याने फिरायला आवडत नाही," असे त्या हसून म्हणत. ते शब्द अजून कानात आहेत.

एका तपासणीची तऱ्हा मात्र निराळी होती. होमोसिस्टीन नावाचा घटक रक्तात वाढलेला असला, तर पक्षाघाताचा धोका अधिक असतो. त्याची नळी ताबडतोब बर्फात ठेवून माझ्याकडे आणावी लागे. ती ताटकळली की तांबड्या पेशी तो घटक बाहेर सोडत राहतात आणि आकडा उगाच फुगतो. बाईंनी हा नियम कधी मोडला नाही. फक्त एकदा मोडला.

त्या सकाळी पलीकडच्या गल्लीतला शिंपी आला होता. नळी भरत असताना तो सांगत होता, "पक्षाघाताने दादाचा उजवा हात गेला, ताई. कात्रीचा हात. आता डाव्या हाताने बटणे निवडत बसतो." बाई ऐकत राहिल्या आणि नळी बर्फाऐवजी साध्या नळ्यांच्या रांगेत गेली. माझ्याकडे ती दुपारी आली. मी ती फिरवली. मला कुठे बोलता येते?

पंधराच्या आत असायला हवा, तो आकडा तेहेतीस आला. दोन दिवसांनी शिंपी अहवाल घेऊन दारात उभा राहिला. "दुकान बंद ठेवलंय. कापडावर कात्री चालवायला हात धजत नाही. दादासारखंच होणार ना माझं?"

बाईंनी नोंदवही उघडली, वेळा पाहिल्या. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळले नसते.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुमची नळी चार तास तशीच राहिली होती."

शिंप्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मला काही नाही!"

"माप चुकलं, एवढंच म्हणाले मी. पुन्हा घ्यावं लागेल."

"पुन्हा सुई? दिवसभर कापडाला टोचतो, त्याचा सूड उगवताय, ताई. राहू द्या."

"तुमच्या दादांचं माप कोणी वेळेत घेतलं होतं?"

त्याने अहवालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग म्हणाला, "उद्या येतो. उपाशीपोटी."

या वेळी नळी बर्फात माझ्यापर्यंत आली. मी जीव ओतून फिरलो. आकडा चोवीस आला. पहिल्याइतका भयंकर नव्हता, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नव्हता. डॉक्टरांनी आणखी तपासले, तेव्हा बी-बारा जीवनसत्त्व कमी निघाले आणि रक्तदाब वाढलेला. त्यांनी बजावले, "बी-बाराच्या गोळ्यांनी हा आकडा उतरेल, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. रक्तदाब सांभाळा आणि तंबाखू आजपासून बंद."

काही महिन्यांनी आकडा बारावर आला. त्या दिवशी शिंप्याने माझ्यासाठी ही खोळ आणली. "मापं बरोबर आहेत, यंत्राला विचारा," तो म्हणाला. "बटणं दादाने लावलीत. एक तिरकं आहे, ते उसवू नका."

पुढे बाई निवृत्त झाल्या. नवे, आवाज न करणारे यंत्र आले आणि मी कपाटावर चढलो. मित्रांनो, मला खाली उतरवा असे मी म्हणत नाही. पण कोणाचे रक्त तुमच्या हाती आले, तर ते ताटकळत ठेवू नका. आणि ठेवले गेलेच, तर तसे सांगा. माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पुसलीच, तर ते तिरके बटण सांभाळा.